एक जूनचे संचालक

पारनेर तालुक्यातील एका शेतकरी कंपनीची डाळिंबे परदेशी निघण्यापूर्वी संचालकांची नावे निर्बंध यादीशी ताडून पाहणे बँकेने आवश्यक ठरवले होते. ज्यांच्याशी व्यवहार करायला बंदी आहे, अशा लोकांची ही यादी. तपासणी कंपनीत नोकरीला असलेल्या रेश्माकडे होती; ती संख्याशास्त्रात एमएस्सी. तिने माहिती भरली, बटण दाबले आणि पडद्यावर अख्खे संचालक मंडळ लाल झाले.

यादीतला एक फरार शस्त्रविक्रेता अनेक नावांनी वावरत असे. त्याचा जन्म एक जूनचा. आणि संचालक झाडून सारे एक जूनचे.

"आप्पासाहेब, सगळेच कसे एका दिवशी जन्मलात?"

"आमी कुठं जन्मलो? गुरुजींनी जन्माला घातलं," अध्यक्ष म्हणाले. "शाळा जूनमदी उघडायची. दिसंल त्या पोराला एक जून!"

रेश्माने हे बँकेला रीतसर कळवले. उत्तर आले : 'एकाच इसमाने अनेक नावे धारण केल्याचा संशय बळावला आहे.' कंटेनर थांबला. आतली डाळिंबे मात्र थांबायला तयार नव्हती.

तिने सर्वांना रांगेत उभे करून फोटो पाठवला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, जाड मिशी. बँकेने कळवले : 'छायाचित्रात एकच इसम वारंवार दिसतो.'

शेवटी ती आप्पासाहेबांना घेऊन त्यांच्या आईकडे, छबूबाईंकडे गेली. "आजी, यांची खरी जन्मतारीख कुठे लिहिलीय का?"

"घोडेगावच्या बाजारातनं म्हैस आनली, त्याच दिशी ह्यो झाला. म्हशीची पावती जपलीय म्या."

"आन माजी?" आप्पासाहेब दुखावले.

"तुजी कशाला? तुला कोन चोरून नेनार हुतं?"

पावती बँकेला गेली. 'म्हशीची ओळख समाधानकारक. अध्यक्षांबाबत पुरावा नाही.'

रेश्मा गोठ्यात गेली. त्याच म्हशीच्या वंशातली चांगुणा रवंथ करत होती. कानात बिल्ला, बिल्ल्यावर क्रमांक, क्रमांकामागे पशुवैद्यकांनी नोंदवलेली खरी जन्मतारीख. रेश्माने चांगुणाची माहिती भरून बटण दाबले. निकाल हिरवा!

तातडीच्या सभेत सगळ्या संचालकांनी राजीनामे दिले आणि चांगुणा एकमताने अध्यक्ष झाली. कंटेनर त्याच दिवशी सुटला. अध्यक्षांची कागदपत्रे अनुकरणीय असल्याचे बँकेने मुद्दाम कळवले.

"आन मी?" आप्पासाहेबांनी विचारले.

"तुम्ही त्यांचे अधिकृत प्रतिनिधी. वैरण वेळेवर टाका."

हसणाऱ्या वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांचे आधार कार्ड एकदा काढून पाहावे. तारीख एक जून निघाली, तर गोठ्यात कोण आहे, याची आजच चौकशी करावी.