ठेवणीतला हात

आमचे सुभाषभावजी तीर्थ डाव्या हातानं घेतात. गणपतीत इथं सिंगापुरातली मराठी मंडळी एका घरी जमतात. तिथं एका काकूंनी पळी वरच्यावर थांबवली. "अहो, उजवा पुढे करा!"

"काकू, उजवा ठेवणीतला आहे," भावजी म्हणाले.

काकूंना वाटलं, हाताला काही झालंय. त्यांनी तीर्थ दिलं आणि वर एक मोदक जास्त दिला. तोही भावजींनी डाव्याच हातानं घेतला.

हे माझे धाकटे दीर. जळगावच्या कॉलेजात बेसबॉल खेळायचे. पुढे जपानच्या एका लहानशा संघानं त्यांना पगारावर पिचर म्हणून नेलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. "म्हणजे बोलरच की," असं कुणी म्हटलं की भावजी आधी पाणी पितात, मग म्हणतात, "बोलरला धावत यायला मिळतं. आम्हाला जागेवरून फेकायचं असतं." दुसऱ्याच हंगामात खांदा गेला. संघवाले म्हणाले, बरा झाला की बघू. तेव्हापासून भावजी आमच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये राहून खांदा बरा करतायत. हार्बरफ्रंटला जहाजांच्या ऑफिसात नोकरी आहे, पण ती मधल्या वेळेपुरती. तसं ते त्यांच्या साहेबांनाही सांगतात.

उजव्या हातानं ते पिशवी उचलत नाहीत, दार ढकलत नाहीत. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो हात पोटाशी धरून उभे असतात, कुणाचं तान्हं मूल सांभाळायला घेतल्यासारखे. इथल्या उकाड्यात खांद्यावर माझी लोकरीची शाल असते. "काका, सो हॉट ला!" माझी मुलगी इथल्या इंग्रजीत ओरडते. काका शाल आणखी घट्ट करतात.

"अरे, लग्न कर. हात काय पळून जातोय?" आमचे हे त्यांना म्हणतात. स्थळं येतात. भावजी प्रत्येक मुलीला खरं ते सांगतात, "बोलावणं आलं की मला जपानला जावं लागेल." मुलगी विचारते, कधी? भावजी म्हणतात, "ते खांद्यावर आहे." मुलीकडचे चहा संपवून उठतात.

एका वर्षी खरंच त्यांच्या जुन्या संघाची माणसं खेळाडू बघायला सिंगापूरला आली. रविवार होता, पण आमच्या ह्यांना ड्यूटी होती. मी सोबत गेले, कारण बॅग कुणीतरी उचलायला हवी होती. भावजींच्या डाव्या हातात छत्री होती.

मैदानावर सगळी कोवळी पोरं. भावजींचे केस कानाजवळ पांढरे झालेले मला तिथं पहिल्यांदा दिसले. त्यांची पाळी आली. चेंडू मला दिसतच नव्हता, नुसता समोरच्याच्या हातमोज्यात आवाज यायचा. जपानी साहेब कमरेत वाकून काहीतरी बोलले. भावजीही वाकले आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"काय म्हणाले?"

"छान म्हणाले."

"मग झालं की काम!"

"नाही, वहिनी. ज्याला घ्यायचं असतं त्याच्या चुका काढतात. त्या उंच पोराला केवढे रागावले, बघितलंत ना? त्याला नेतील."

मी डबा उघडला. भावजींनी तो बंद केला.

माणसं गेली, मैदान रिकामं झालं. भावजी उठेनात. मग एकदम म्हणाले, "वहिनी, जरा समोर उभ्या राहता? भिंतीवर फेकून फेकून कंटाळा आलाय. भिंत काही बोलत नाही."

मी जन्मात चेंडू झेललेला नाही. त्यांनी माझ्या हातात तो मोठा कातडी मोजा घातला आणि लांब जाऊन उभे राहिले. मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. काहीच झालं नाही. उघडून बघितलं तर चेंडू अजून येतच होता. इतका हळू, की मला पदर खोचायला वेळ मिळाला. तो मोज्यात येऊन बसला.

"लागलं नाही ना?" त्यांनी लांबून विचारलं.

"नाही."

"मग आणखी एक टाकू?"

"टाका," मी म्हटलं. "पण जरा जोरात टाका. मी काही भिंत नाही, चुकलं तर बोलेन."