गोधडीवर बसलेले अण्णा

आमच्या शेजारचे नारायणअण्णा गोधडीवर बसायचे. यात काय सांगण्यासारखं, असं तुम्ही म्हणाल. गोधडी असतेच बसायला. पण अण्णा बसायचे ते कोंबडी अंड्यांवर बसते तसे. गोधडीच्या कडेला जो कापडी गोट लावतात, तो ते खळीनं चिकटवायचे आणि खळ वाळेपर्यंत त्या कडेवर ठाण मांडायचे. चार बोटं वाळलं की चार बोटं पुढे सरकायचे. हातात पंचांग. कोणी भेटायला आलं की मान वर करून म्हणायचे, "या, बसा. तिकडं न्हाई, हिकडं. या कोपऱ्यावर." पाहुण्याला वाटायचं, काय हे अगत्य! उठताना धोतराचा सोगा गोधडीला चिकटलेला सापडला की त्याला खरा प्रकार कळायचा.

बाकी सगळं जग गोट शिवण्याआधी तो कच्च्या दोऱ्यानं टाचून घेतं. ज्यांना शहराचा वारा लागलाय ते टाचण्या लावतात. मला तो लागला होता. लढाईच्या दिवसांत मी लग्न होऊन हिंगोलीहून आखाडा बाळापुरात आले. हिंगोलीला रेल्वे येत होती, त्यामुळे मी स्वतःला मोठ्या राजधानीची रहिवासी समजत होते. माझ्या ट्रंकेत जांभळ्या कागदात गुंडाळलेली टाचण्यांची डबी होती. शाळेत शिवणात माझा पहिला नंबर आला होता. वर्गात आम्ही तिघीच होतो, हे मात्र सासरी कोणाला सांगितलं नव्हतं.

ती डबी मी पहिल्या आठवड्यातच अण्णांना दाखवली. त्यांनी एक टाचणी उचलली, उजेडात धरली आणि विंचू ठेवावा तशी परत ठेवली.

"सूनबाई, ही भोक पाडायची चीज हाय. म्या तीस साल सरकारी कागद सांभाळला, एकाला भोक पाडलं न्हाई."

अण्णा कळमनुरीच्या कचेरीत जिल्दसाज होते. म्हणजे दफ्तरं बांधायची, फाटलेली पानं जोडायची, पुठ्ठे चढवायचे. नोकरी सुटली तशी दफ्तरं सुटली, पण खळीचं भांडं सुटलं नाही. गव्हाचं पीठ धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून ते मंद आचेवर खळ शिजवायचे. त्या वेळी बोललेलं त्यांना चालायचं नाही. सणाला त्यांच्या घरी पुरणाच्या पोळ्या मोजक्याच व्हायच्या, कारण गहू कुठे जायचा ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

खळीनं चिकटत नाही असं जगात काही आहे, हे त्यांना मान्य नव्हतं. चपलेचा अंगठा, छत्रीचं कापड, देवाच्या तसबिरीची काच, सगळं त्यांनी चिकटवलं. एकदा तडकलेला माठ चिकटवला आणि रात्रभर त्यांच्या घरात ओल पसरली. तर सकाळी म्हणाले, माठाची माती कच्ची. हा त्यांचा नियमच होता. चूक मातीची, हवेची, पिठाची. खळीची कधी नाही.

त्यांचं एक पालुपद होतं: "दाबा अन् सुकू द्या." ते कुठेही चालायचं. माझ्या सासूबाईंचं आणि त्यांच्या जावेचं भांडण झालं, तेव्हा अण्णांनी दोघींना एकाच बैलगाडीतून कळमनुरीला पाठवलं. दाटीवाटीनं बसून सहा-सात कोस गेल्या की आपोआप सुकेल, म्हणाले. दोघी परत आल्या त्या अण्णांच्या विरुद्ध एक होऊनच. तरी अण्णांच्या हिशेबी ते जोडकाम पक्कंच झालं.

एकदा गोट लावलेली गोधडी अंगणात वाळत घातली होती. शेळी आली आणि खळीसकट वीतभर गोट खाऊन गेली. शेळीचा मालक हात जोडत आला. अण्णा त्याला म्हणाले, "तिला बोलू नका. चव कळती तिला." त्या दिवसापासून ते खळीत कडुनिंबाचा रस घालू लागले. शेळ्या यायच्या थांबल्या, पण गोधडीला काढ्याचा वास यायला लागला.

गोधड्या शिवायच्या त्या गोदाकाकू, अण्णांची बायको. अण्णा फक्त गोट चिकटवायचे आणि बोलायचे. काकू कमी बोलायच्या. ओसरीवर भिंतीला टेकून बसायच्या, गोधडीची कड चिमटीत धरून अंगठा फिरवत न्यायच्या आणि त्याच्या मागोमाग सुई. बाहेरून आत, ओळीला ओळ लागून. त्यांचे टाके ज्वारीचे दाणे ओळीनं मांडावेत तसे यायचे. लेकीच्या पाठवणीला गोदाच्या हातची गोधडी न्यायची, असं आसपासच्या गावांत म्हणत. शिवून झाली की गोधडी एकदा धुवायची. खळ पाण्यात जायची, टाके राहायचे. एवढं मान्य केलं तर अण्णांच्या पद्धतीत वाईट काही नव्हतं. पण मी मान्य करणार कशी? माझ्याकडे डबी होती.

मग माझ्या नणंदेचं, शांताचं, लग्न कुरुंद्याला ठरलं. विहीणबाईंची कीर्ती लग्नाआधीच आमच्याकडे पोचली होती. त्या रुखवतातल्या वस्तू नुसत्या बघत नाहीत, उलट्या करून बघतात. थोरल्या सुनेच्या रुखवतातल्या एका पिशवीची उसवलेली कड त्यांनी मांडवभर दाखवली होती, आणि त्या बिचारीला ती पिशवी अजून ऐकावी लागत होती. सासूबाईंनी शांताच्या रुखवतासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी काकूंकडे टाकली. मी म्हटलं, विहीणबाईंनी नाक लावलं आणि काढ्याचा वास आला तर? सासूबाई म्हणाल्या, गोदाची गोधडी नसंल तर रुखवत मांडूच नका.

लग्नाला आठ दिवस राहिले. घाई होती, म्हणून अण्णांनी गोट चिकटवून गोधडी आमच्या घरी आणली आणि ज्वारीच्या पोत्यांखाली दाबून ठेवली. स्वतःचं वजन कमी पडतं, असं त्यांनी त्या दिवशी प्रथमच कबूल केलं. मग ते मुक्कामाला कळमनुरीला गेले, दोरा आणायला.

दुपारी सगळे झोपले होते. मी पोती सरकवली. ओल्या फडक्यानं गोट भिजवून सोडवला, खळ धुतली, उन्हात सुकवलं आणि डबीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या टाचण्या लावून गोट पुन्हा बसवला. एका रेषेत, दोन दोन बोटांवर. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधडी घडी घालून काकूंकडे नेऊन दिली आणि टाचण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. बघून थक्क होतील, तेव्हा आपण लाजू, असं ठरवलं होतं.

काकूंनी कड चिमटीत धरली आणि अंगठा पुढे नेला. हात झटकन मागे आला. त्यांनी अंगठा तोंडात घातला, परत कड धरली. परत तेच. सकाळचं ऊन सरळ ओसरीवर येत होतं आणि टाचण्या अशा चमकत होत्या की माझेच डोळे दिपत होते.

"सूनबाई, याच्यात काय हाय गं?" काकूंनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसत म्हटलं, "काकू, समोर तर आहेत."

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या, "हायेत की." आणि शिवायला लागल्या. पण आता अंगठा कडेवर नव्हता. तो टाचण्यांना भिऊन वर उचललेला होता, आणि सुई एकटीच चालली होती. दोन बोटं नीट गेली. मग गोट सोडून निळ्या ठिगळावर चढली. तिथून आणखी वर. काकू मान खाली घालून, अगदी मन लावून शिवत होत्या, आणि टाके वाट चुकलेल्या गुरासारखे गोधडीच्या मधोमध निघाले होते.

माझं हसू कुठे गेलं कळलंच नाही.

नेमक्या तेव्हाच सासूबाई शेजारच्या दोघींना घेऊन गोधडी बघायला आल्या. त्यांच्या पाठोपाठ खांद्यावर पिशवी टाकून अण्णा आले. सासूबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "गोदे, हे काय गं? टाके कुठं निघाले तुझे?"

काकूंची सुई थांबली. त्यांनी मान वर केली, पण सासूबाईंकडे नाही, खांबाकडे.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. एकदा गोधडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "माझी चूक हाय. खळ पातळ झाली. गोट सरकला म्हून म्याच सूनबाईच्या टाचण्या मागून घेऊन लावल्या, त्याबी वाकड्या. ही बराबर शिवून राहिली, गोटच वाकडा हाय."

माठ गळला तेव्हा मातीला दोष देणारा, शेळीच्या जिभेचं कौतुक करणारा माणूस चार बायकांसमोर म्हणत होता की माझी खळ पातळ झाली. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्या रागवायचंही विसरल्या. तरी म्या म्हणतच व्हते, असं म्हणत, हसत, बायकांना घेऊन त्या ही बातमी आळीत वाटायला गेल्या.

मी एकेक टाचणी काढून डबीत टाकत बसले. दोनेकशे होत्या, मला त्या हजार वाटल्या. डबी घेऊन परसात गेले, तर अण्णा चुलीवर पीठ ढवळत होते. तेच बोलले, भांड्यातून नजर न काढता.

"दोन सालं झाली. दिवा दिसतो तिला, माणूस दिसत न्हाई. सुया म्या सकाळीच ओवून ठेवतो. ठिगळं म्या मांडून देतो. वाळलेली खळ पुठ्ठ्यावानी ताठ ऱ्हाती, तिच्यावरून तिचा अंगठा बराबर चालतो. पयली ओळ सरळ गेली की बाकीची बोटानंच लागती."

"मला काहून सांगितलं नाही, अण्णा?" हिंगोलीची राजधानी सोडून मी प्रथमच गावचं 'काहून' म्हटलं असेन.

"लोकं मला येडा म्हणून राहिले, ते बरं हाय. तिला आंधळी म्हणले तर उद्या गोधडी कोण आणून टाकंल? अन् गोधडी न्हाई, तर ती दिवसभर करंल काय?"

मग त्यांनी उलथनं माझ्या हातात दिलं आणि गाठी होऊ देऊ नको म्हणून बजावलं. मी गाठी होऊ दिल्या. त्यांनी ती खळ फेकली आणि मला दुसरी करायला लावली. वाकडे टाके मी उसवले, गोट पुन्हा चिकटवला. उरलेले दिवस थोडे होते, म्हणून त्या गोधडीच्या एका कडेवर अण्णा बसले आणि समोरच्या कडेवर मी. येणारीजाणारी बघून जायची. हिंगोलीची सून बी गेली कामातून, असं कोणीतरी म्हणाल्याचंही कानावर आलं. तेव्हा मी काडीसारखी होते. आताचं वजन असतं तर एका तासात वाळवली असती.

काकूंनी ती गोधडी पाच दिवसांत संपवली. मी बाजूला बसून सुया ओवायचे. आम्ही दोघींनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही. फक्त शेवटच्या दिवशी धागा तोडताना त्यांनी विचारलं, गोटाचा रंग कोणता निघाला गं? मी म्हटलं, डाळिंबी. गोटावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "चांगला दिसत असंल."

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. बायकांची ही गर्दी. काकू एका बाजूला भिंतीशी बसल्या होत्या, हात मांडीत घट्ट धरून. विहीणबाई आल्या, फराळाची ताटं ओलांडून सरळ गोधडीपाशी. आणि बायकांच्या त्या घोळक्यात, जिथे पुरुषानं उभं राहू नये तिथे, काकूंच्या शेजारी अण्णा येऊन उभे राहिले आणि बाजारात दवंडी द्यावी तशा खणखणीत आवाजात बोलू लागले.

"विहीणबाईंनी कोपरा उचलला बरं का. आता पालथा घातला. अंगठा फिरवून राहिल्या. आता दुसरा कोपरा. नाकाला लावला."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सासूबाईंनी डोळे वटारले, कोणीतरी अण्णांची बाही ओढली. ते हलले नाहीत. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "अहो अण्णा, आम्हाला डोळे हायेत की."

"व्हय, व्हय," अण्णा म्हणाले, "तुमाला हायेत." आणि पुढे चालू. "तिसरा कोपरा. आता मधे हात ठेवला. थोरल्या सुनेला बोलावून दाखवून राहिल्या."

विहीणबाईंनी गोधडीची घडी घातली. तोंडानं बोलल्या काही नाहीत. त्यांचा तो स्वभावच नव्हता. पण घडी रुखवतात परत न ठेवता त्यांनी ती आपल्या काखेला मारली, आणि किंचित हसल्या.

सगळा घोळका हसला, शांता हसली, मीही हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. मान थोडी वर करून, हात तसेच धरून बसून होत्या.

"हसून राहिल्या," अण्णा म्हणाले, या वेळी अगदी हळू. "अन् गोधडी काखेत घेतली."

मग काकू हसल्या.