ओल्या पोत्याचा वास

“पिराजीराव, तुम्ही वाईन शिकून या,” असं अमरसिंह मालकांनी शनिवारी सकाळी भर ऑफिसात सांगितलं, तेव्हा पिराजीराव चौगुल्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर आपटला.

कागलच्या एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत पिराजीराव खरेदी अधिकारी होते. दारूचा त्यांना मनस्वी तिटकारा. माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या तोंडाला वास आला, तर ते ट्रक गेटवरूनच परत पाठवत आणि वर अर्धा तास व्याख्यान देत. असल्या माणसाला वाईन शिकायला सांगणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच होतं.

“मालक, मी सुपारीबी खात न्हाय!”

“म्हणूनच तुम्हाला धाडायलोय. दुसऱ्या कुणाला धाडलं तर शिकायचं ऱ्हाईल बाजूला, त्याला उचलून आणाय माणसं लागतील. गुरुवारी फ्रान्सचं पावणं येणार हाईत. जेवणात वाईन ठेवायची, पर कुठली ठेवायची ह्ये आपल्यात एकालाबी कळत न्हाय. ऑर्डर मोठी हाय. आन् शेवटी हीबी खरेदीच की!”

‘खरेदी’ या शब्दापुढे पिराजीरावांचं काही चालेना. घरी बायकोला, चिमणाबाईंना, त्यांनी ‘कंपनीचं ट्रेनिंग’ एवढंच सांगितलं आणि रविवारी सकाळी अकराला तणतणत शहरातल्या एका हॉटेलात हजर झाले. दारावरच पाटी होती, ‘वाईनची तोंडओळख’. “तोंडाची ओळख मी होऊ देणार न्हाय,” असं पाटीलाच बजावून ते आत शिरले. डॉक्टर, बिल्डर आणि त्यांच्या बायका, अशी वीसेक मंडळी होती. पिराजीरावांनी माल तपासणीची वही उघडली.

शिकवायला नाशिकहून राजवीर नावाचा, काळा कोट घातलेला तरुण आला होता. “मुख्य प्रकार पाच,” तो म्हणाला. “काळी द्राक्षं सालींसकट आंबवली की रेड. सालं काढून नुसता रस आंबवला की व्हाइट. काळ्या द्राक्षांची सालं रसात थोडेच तास ठेवली की गुलाबी रोझे. बुडबुडे असतील ती स्पार्कलिंग. आणि वरून ब्रँडी घालून कडक केलेली, ती फोर्टिफाइड.”

“म्हंजे दारूत दारू?” पिराजीरावांनी विचारलं.

“हो, तसंच म्हणा ना.”

“आमच्यात ह्याला भेसळ म्हणत्यात.” त्यांनी वहीत तशी नोंदही केली.

राजवीरने पहिली बाटली उघडली. “ही व्हाइट. अगदी ड्राय आहे.”

“ड्राय? चांगली ओली हाय की!”

“ड्राय म्हणजे तिच्यात साखर उरलेली नाही, काका.”

“मग सरळ बिनसाखरेची म्हणा! आमच्या चहावाल्याला येवढं कळतंय.”

यानंतर पिराजीरावांचा पारा चढतच गेला. ग्लास तांब्याएवढा आणि माल तळाला, हे त्यांना उघड उघड मापात मारणं वाटलं. चव घेऊन झाल्यावर थुंकायला बादली ठेवली होती, ती पाहून तर ते उभेच राहिले. “थुंकायचीच असंल तर इकत कशाला घ्यायची?” त्यांनी स्वतः एकाही ग्लासाला ओठ लावला नाही. नुसता वास घ्यायचा, रंग बघायचा आणि वहीत टिपायचं. माल तपासायला तो खावा लागत नाही, हे त्यांचं तत्त्व होतं.

शेवटी राजवीरने फ्रान्सची एक महागडी रेड काढली आणि डोळे मिटून हुंगली. “मातीचा, जंगलाचा सुगंध येतोय ना?”

सगळ्यांनी डोळे मिटले. एका डॉक्टरांना अळंबीचा वास आला. तेजस्वी नावाच्या बिल्डरीणबाई म्हणाल्या, “अगदी राधानगरीचं जंगल!”

“ओल्या पोत्याचा वास हाय,” पिराजीराव म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. राजवीर गोड हसला. “काका, पहिलीच वेळ ना? नाक तयार व्हायला वर्षं जातात.”

आता हा घाव नाकावर होता. पिराजीराव लालबुंद झाले. “जलम गेला माझा ह्यात! साच्याची माती पोत्यातनं येती आमच्याकडं. पोतं भिजून कुबट झालं की असंच मारतंय. असला माल मी गेटातनं आत घेत न्हाय. फोडा दुसरी बाटली!”

राजवीरने नाइलाजाने त्याच वाईनची दुसरी बाटली उघडली. ही हुंगली, मग ती हुंगली, मग परत ही. त्याचा चेहरा उतरला. “काका बरोबर आहेत. बूच खराब निघालं की वाईनला हाच वास लागतो. पहिली बाटली बाद.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजवीर माइकवर ओरडला, “असं नाक हजारात एखाद्याचं! केवढा दांडगा अनुभव असेल यांचा!”

“अनुभव पोत्याचा हाय!” पिराजीराव कळवळून सांगत होते, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तेजस्वीबाईंनी मात्र समोर आठ ग्लास मांडून बसलेल्या पिराजीरावांचा व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपवर टाकला होता.

पिराजीराव कसबा बावड्यात घराजवळ पोचेपर्यंत व्हिडिओ पुढे पोचला होता. कोपऱ्यावर दूधवाल्या केरबाने त्यांची गाडी अडवली आणि डोळा मारला. “अण्णा, कधी बोलला न्हाईसा! आमीबी हाय की कंपनीला!”

घराच्या दारात चिमणाबाई मोबाइल घेऊनच उभ्या होत्या. “ह्ये ट्रेनिंग व्हय?”

“अगं, थेंब घेतला न्हाय मी! वास बघ तोंडाचा!” आणि पिराजीरावांनी भर रस्त्यात आ केला.

चिमणाबाईंनी जवळ येऊन वास घेतला. पुन्हा घेतला. मग दोन पावलं मागं सरल्या. “खरंच न्हाय की वास!”

“मग? काय सांगायलोय मी?”

“आठ ग्लास समोर आन् तोंडाला वास न्हाय! येवढं मुरलाय व्हय तुम्ही?”

पिराजीरावांच्या अंगाची लाही लाही झाली. खरं बोललं तरी फासावर, असा हा न्याय! त्यांनी तिथल्या तिथं मालकांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. “मालक, आमची मंडळी ऐकायलीय. मी पितो का न्हाय, काय असंल त्ये खरं सांगा!”

मालकांनीही व्हिडिओ पाहिला होता. “वहिनी, देवाशप्पत सांगतो, लई मोठ्या मनाचा माणूस! अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत बसत्यात, पर एकदाबी कळू दिलं न्हाय बघा!”

फोन बंद झाला. चिमणाबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

“अठ्ठावीस?” त्या हळूच म्हणाल्या. “आन् आपलं लगीन होऊन झाली सव्वीस. म्हंजे माझ्या बाऽला बी फसवलंसा!”