वळायला जागा

गांगुर्डे भाऊ रस्ता नसलेल्या ठिकाणी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत.

अंबडच्या कारखान्यांच्या पलीकडे, मुरमाड उतारावर आमच्या हौसिंग सोसायटीची जमीन होती. जमीन म्हणजे बाभळी, बोरी, घाणेरी आणि अधूनमधून एखादं जनावर. डांबरी सडकेपासून तिथवर शेळ्यांनी आपल्या सोयीने पाडलेली एक पायवाट जायची. रविवारी आम्ही सभासद आपापला प्लॉट बघायला निघालो, की भाऊ सगळ्यांच्या पुढे. वळायची वेळ आली की ते उजवा हात सरळ बाहेर काढत, मागे बघून घेत आणि मगच वळत. कोणी मधून चालायला लागलं की थांबून सांगत, "गुरुजी, सायडीनं चला. रस्ता हाय."

मी बाजूला सरकायचो. समोर बाभूळ असायची.

ही सत्तरीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी शाळेत शिक्षक होतो, म्हणून गुरुजी. भाऊ अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. मूळचे चांदवडकडचे. बुटके, काळेसावळे, रविवारी खाकी हाफपँट आणि वर कारखान्याचा निळा शर्ट. सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत सेक्रेटरी कोण होणार, असा प्रश्न आला, तेव्हा सगळे चपला शोधायला लागले. भाऊंना आपल्या चपला कुठे आहेत ते ठाऊक होतं, म्हणून ते बसून राहिले आणि सेक्रेटरी झाले.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरा विषय काढला नाही. कोणत्याही बोलण्याची सुरुवात "रस्ता झाला की" अशी व्हायची. दाढ दुखत होती, ती रस्ता झाला की काढायची होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, तीही रस्ता झाला की बदलायची होती. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "लगीन तेवढं रस्त्याच्या आदी केलं, उपकार म्हना."

खिशात कायम सुतळीचं बंडल. रस्त्याची आखणी करायला घेतलेलं, पण ते कुठेही बाहेर निघायचं. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला पानं मांडली होती, तर भाऊंनी भिंतीपासून सुतळी ताणून पंगत सरळ करून घेतली. एका मुलाचं ताट रेषेच्या बाहेर राहत होतं. त्याला त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "बाळा, तू अतिक्रमनात हाईस."

झाडं तोडायला आमच्यातले बरेच जण पहिल्या रविवारी आले. दुसऱ्या रविवारी कोणाची पाठ धरली, कोणाचे पाहुणे आले. शेवटी उरलो भाऊ, शेखभाई आणि मी. शेखभाई भाऊंच्याच कारखान्यात टर्नर होते. कुऱ्हाड चालवण्यापेक्षा तिला धार लावण्याचा त्यांना जास्त उत्साह. माझं काम तोडलेल्या फांद्या ओढून ढीग घालायचं.

भाऊ मात्र बाभळीशी बोलल्याशिवाय घाव घालत नसत. खोडासमोर उभे राहून म्हणत, "उठा पाहुनं. लय दिस ऱ्हायलात." मग कुऱ्हाड. एखादी बाभूळ चिवट निघाली की तिला जरा दम देत. "माझी बी ड्युटी हाय, तुमची बी आसंल. पन मी सेक्रेटरी हाय." संध्याकाळी आमच्या घरी ओसरीवर बसून पायातले काटे काढायचा कार्यक्रम चाले. माझी बायको सेफ्टी पिन घेऊन बसायची आणि भाऊ वर आढ्याकडे बघत रस्त्याला गटार कोणत्या बाजूने काढायचं ते सांगत राहायचे. काटा निघाला तरी त्यांना पत्ता नसायचा.

खरा तंटा झाला तो रुंदीवरून. आमच्यापैकी बहुतेकांकडे सायकली. दोघातिघांनी स्कूटरसाठी नंबर लावलेला, पण तो कधी लागेल याची त्यांनाच खात्री नव्हती. आणि भाऊ सभेत उभे राहून ऐसपैस सडक मागत होते. वर आणखी एक हट्ट. रस्ता जिथे संपतो, तिथे मोठं गोल मैदान सोडायचं.

"भाऊ, मैदान कायकू?" शेखभाईंनी विचारलं.

"वळायला जागा पायजे."

"सायकल तो जागेवर वळती."

"सायकलीचा इशय नाय. ट्रकचा हिशेब धरा."

"ट्रक किसका आनेवाला?"

"येईल कोनाचा तरी," भाऊ म्हणाले आणि सुतळी गुंडाळायला लागले.

लोक हसले. त्यानंतर बरेच दिवस सोसायटीत कोणी सायकल घेऊन आला की "सरका, ट्रक आला," असं म्हणायची पद्धत पडली. भाऊ रागावले नाहीत. पण फूटभरही मागे हटले नाहीत. विटा-वाळू आणायला तरी ट्रक लागेलच, असं शेवटी सर्वांना पटलं आणि मंजुरी मिळाली.

अडचण एकच होती. गोल मैदान जिथे यायचं, तिथे एक आंबा उभा होता.

ज्यांच्याकडून आम्ही जमीन घेतली, त्या निवृत्तीतात्यांचा तो आंबा. उरलेली शेती त्यांची शेजारीच होती. रोज दुपारी तात्या त्या आंब्याखाली भाकरी खायचे आणि तिथेच खोडाला डोकं टेकून झोपायचे. जमीन देताना त्यांनी एकच शब्द घेतला होता, की आंब्याला हात लावायचा नाही. आम्हालाही आंबा हवाच होता. बायकांनी तर त्याखाली कोजागरी कुठे बसवायची तेसुद्धा ठरवलं होतं. नको होता एकट्या भाऊंना.

एका रविवारी दुपारी भाऊ तात्यांकडे गेले. मी आणि शेखभाई मागे. तात्या नुकतेच जेवून कलंडले होते.

"तात्या, ह्यो आंबा काढावा लागंल."

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. "शब्द दिलाय तुमी."

"दिलाय. पन गाडी वळत नाय."

"कंची गाडी?"

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. दाखवायला गाडी नव्हती. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग पकडल्यासारखे, आणि तोंडाने घर्रर्र आवाज करत ते बाभळीच्या बुंध्यांमधून चालायला लागले. मैदानाशी आले, गिअर बदलला, हॉर्न दिला. डावीकडे वळले. बांधाला अडले. मग मान मागे करून, उलटे चालत, पाठीमागे पाठीमागे आले आणि त्यांची पाठ आंब्याच्या खोडावर धाडकन आपटली.

"बघा," ते तसेच टेकून म्हणाले. "धडकली."

शेखभाई पोट धरून खाली बसले. मलाही हसू आवरेना. तात्या मात्र आता उठून बसले होते. ते भाऊंकडे बघत होते. भाऊंचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"कोनाची गाडी येनार हाय, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"येईल कोनाची तरी."

"कोनाची?"

भाऊंनी हात खाली घेतले. "पोराची," ते म्हणाले.

त्यांना मुलगा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांच्याच कारखान्यात काम करणाऱ्या शेखभाईंनाही नव्हतं. भाऊंनी मग उभ्याउभ्याच सांगितलं, आंब्याच्या खोडाकडे बघत. मुलाचं नाव अशोक. त्याने आयटीआय करावं, आपल्यासारखं अंबडला लागावं, बंद छपराखाली नोकरी करावी, असं भाऊंच्या मनात होतं. त्याला गाड्यांचा नाद. शाळा टाकून तो क्लीनर म्हणून ट्रकवर गेला. भाऊंनी त्याला दारात उभं करून सांगितलं, की ती गाडी माझ्या दाराशी आणायची नाही. पुढे तो ड्रायव्हर झाला. एकदा ट्रक घेऊन आईला भेटायला आलासुद्धा. पण भाऊ तेव्हा जुन्या नाशकात एका बोळात भाड्याने राहायचे. ट्रक आत शिरेना, बाहेर उभा करू देईनात. भाऊ खिडकीत बसून होते. उठले नाहीत. तो बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवून निघून गेला. मग पुन्हा आला नाही.

"मी त्याला वळन लावायला गेलो, तात्या," भाऊ म्हणाले, "अन् वळायला जागाच नाय ठिवली."

तात्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं.

"कैऱ्या उतरून घ्या आदी," ते म्हणाले. "मग तोडा. माझ्यादेखत नको."

करवत लागली त्या दिवशी तात्या आपल्या शेतातल्या विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, पाठ फिरवून गवत काढत बसले होते. भाऊ शेवटपर्यंत उभे राहिले. बाभळीला बोलायचे तसं या झाडाशी ते काही बोलले नाहीत. आंबा पडला तेव्हा एकदम खूप उजेड झाला आणि तो कोणालाच आवडला नाही. त्या वर्षी सोसायटीतल्या प्रत्येक घरी एकाच झाडाचं लोणचं होतं. भाऊंच्या घरची बरणी वहिनींनी तात्यांकडे पोचवली, कारण भाऊ त्याला बोट लावत नव्हते.

रस्ता झाला. दगड पडले, खडी पडली, मुरूम पडला. रोलर आला त्या दिवशी भाऊंनी रजा टाकली आणि वऱ्हाडी मंडळींसारखे दिवसभर त्याच्या मागून चालत राहिले. पहिलं घर भाऊंचंच उठलं. घर म्हणजे एक खोली आणि वर पत्रे, पण मैदानाला लागून. दाढ काढली, चष्म्याला काडी आली.

मग बाकीच्यांची बांधकामं सुरू झाली आणि विटांचे, वाळूचे ट्रक यायला लागले. प्रत्येक ट्रकला भाऊ स्वतः मैदानात उभे राहून वळवायचे. "येऊ द्या, येऊ द्या… बास." गाडी थांबली की ड्रायव्हरला पाणी द्यायचे आणि विचारायचे, "आग्रा रोडला असता का? चांदवडकडचा अशोक गांगुर्डे भेटतो का कुठं?" भेटत नसला तरी निरोप द्यायचे. "भेटला तर सांगा, रस्ता झालाय. वळायला जागा हाय." सगळ्या ट्रकवाल्यांना सारखाच निरोप. कामावरून आले की आधी वहिनींकडे बघत. वहिनी मान हलवत. मग भाऊ पायातले बूट काढत.

पावसाळा गेला. मुरूम धुपला, भाऊंनी पुन्हा टाकून घेतला. आमची मुलं त्या मैदानात क्रिकेट खेळायला लागली. भाऊ त्यांना खेळू द्यायचे, पण स्टंपाचे दगड जाताना उचलायला लावायचे. टायरखाली येतील म्हणून.

ऊन तापायला लागलं होतं. रविवारची दुपार. मी माझ्या बांधकामावर पाणी मारायला गेलो होतो. सडकेकडून हॉर्न ऐकू आला आणि कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या रस्त्याला वळला. आमच्याकडे कोणी कांदे मागवलेले नव्हते.

भाऊ घरातून बाहेर आले. धावले नाहीत. शर्टाची बटणं लावत मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. "येऊ द्या," ते म्हणाले. ट्रक आत आला, आंबा होता त्या जागेवरून एका दमात वळला, तोंड सडकेकडे करून थांबला. मागेपुढे करायची गरजच पडली नाही.

दाट मिशांचा, गळ्यात गमछा घातलेला एक जण खाली उतरला. बापलेक एकमेकांसमोर उभे राहिले.

"डावा टायर गुळगुळीत झालाय," भाऊ म्हणाले.

"बदलायचाय."

वहिनी पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी ते हात तसेच पोराच्या गालांवरून फिरवले. मग तो भाऊंना नीट निरखायला लागला, वरपासून खालपर्यंत.

"बरी हाय ना तब्येत?" त्याने विचारलं. "धाब्यावर एकानं सांगितलं, तुझ्या बापाला वळता येत नाय. म्हनलं, कंबर गेली का काय."

भाऊंनी कंबर सरळ केली.

"येतंय आता," ते म्हणाले. "थोडं थोडं."

बसायला सावली नव्हती. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालेलं. शेवटी ट्रकची सावली पडली होती तिथेच, चाकाला टेकून तो बसला, आणि भाऊ त्याच्या शेजारी. वहिनींनी भाकरी-पिठलं बाहेर आणून वाढलं. मी निघालो तर भाऊंनी हाताने मलाही बसवलं. बोलणं फारसं झालं नाही. अशोक म्हणाला, "रस्ता झ्याक केलाय." भाऊ म्हणाले, "मुरूम अजून बसायचाय." कांदा मुंबईला वेळेत पोचवायचा होता. त्याने हात धुतले, आईच्या पाया पडला, भाऊंच्या पडायला वाकला तेव्हा भाऊंनी त्याला मध्येच धरलं आणि दंडाला धरून थोडा वेळ तसंच उभं केलं. पुन्हा कधी येणार, ते त्याने सांगितलं नाही. भाऊंनी विचारलं नाही.

ट्रक निघाला, तशी त्याची सावलीही आमच्या अंगावरून सरकत गेली. वहिनी ताटं उचलून आत गेल्या. भाऊ मात्र रस्त्याकडे बघत होते.

"पोरगं भरलं नाय, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "पयल्यापरीस?"

मी अशोकला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"हो," मी म्हटलं. "अंगानं चांगलाच भरलाय."

"मला बी तसंच वाटलं," भाऊ म्हणाले. आणि धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथे उन्हात उभे राहिलो.