घरच्या माणसाला काय, कधीही जाता येतं

१९९८ साली, म्हणजे राहू गावात घरी टेलिफोन असणं ही अजून मिरवायची गोष्ट होती तेव्हा, एक सत्य सर्वांना पटलं. माणसाला राहायला एक घर पुरतं, पण सुखी व्हायला दुसरं लागतं, आणि त्या दुसऱ्या घरात त्यानं स्वतः राहून चालत नाही.

त्याच साली साखरबाई मदन्यांचं माळरान कंपन्यांच्या वसाहतीत गेलं. त्या माळावर त्यांच्या सासऱ्यांनी मेंढरं चारली होती आणि नवऱ्यानं बाजरी पेरली होती. एकुलता एक मुलगा पोपट यानं तिथे काहीच केलं नव्हतं, त्यामुळे आलेल्या पैशाचं काय करायचं हे त्याला अगदी मोकळ्या मनानं ठरवता आलं. पेपरात जाहिरात होती: बारा महिने ऊन, समोर समुद्र, घरबसल्या भाडं. (ऊन दौंड तालुक्यातही बारा महिने असतं, पण त्याचं भाडं अजून कुणी दिलेलं नाही.) पोपटनं कोकणात वेळशेत नावाच्या गावी दोन खोल्या, ओसरी आणि नारळाची झाडं असं घर घेतलं आणि आईच्या नावानं पाटी लावली: साखराई बीच हाउस.

साखरबाईंनी उभ्या आयुष्यात भीमेचा पूर पाहिला होता, समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी मुलाकडे एकच मागणं मागितलं.

"पोपट, येकडाव मला तितं न्हेऊन सोड. चार दिस नुसती बसून ऱ्हाईन."

"आई, घर तुझंच हाय. एवढा सीझन जाऊ दे."

आधी वास्तुशांत करणं भाग होतं, आणि इथे एक तांत्रिक अडचण उद्भवली. वास्तुशांत वास्तूत करतात अशी रूढी आहे. परंतु भावकी राहूची, आचारी पाटसचा आणि वास्तू घाटाखाली. यावर सर्वानुमते तोडगा निघाला. घराची एक वीट काढून एस.टी.नं राहूला आणली, चौरंगावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि सहाशे माणूस जेवलं. बायकांनी रीतीप्रमाणे आहेरही केला. विटेला.

या समारंभाचे परिणाम दूरगामी ठरले. ज्या घराचं जेवलो, ज्या घराला आहेर केला, त्या घरात भाडं देऊन राहणं म्हणजे घरमालकाला परका म्हटल्यासारखं होईल, यावर भावकीचं एकमत झालं. (भावकीचं आधीचं एकमत एका बांधाबाबत झालं होतं. ते कोर्टात टिकलं नाही.) पोपटचा स्वभाव भिडस्त. त्यामुळे साखराई बीच हाउस पहिल्या वर्षापासून साडेअकरा महिने गच्च भरलेलं असे. उरलेला पंधरवडा पितृपक्षाचा. भाडं तेवढं आलं नाही. परंतु ज्या धंद्याला गिऱ्हाइकांची कमतरता नाही तो धंदा बुडाला असं म्हणता येत नाही.

किल्ली साखरबाईंच्या दारातल्या खुंटीला असे. परतताना पाहुणे किल्ली परत द्यायला येत आणि चहा घेता घेता तक्रारी सांगत. अशा रीतीनं, घर एकदाही न पाहता, साखरबाई त्याच्या तक्रार-विभागाच्या प्रमुख झाल्या.

"वहिनी, रस्त्याकडची खिडकी लागत न्हाई," त्यांची नणंद सोजराबाई आल्या आल्या म्हणाली. "आन् न्हाणीत गरम पाणी न्हाई."

"खिडकीला सुतळी बांधायची, सोजरा. आन् बंब मागल्या पडवीत हाय. लाकडं कुणी न्हेली काय?"

"आमी गेलो तवाच न्हवती."

"बरं. समुद्र कसा हाय?"

"पानी लय हाय. पन उपेग काय, उसाला चालत न्हाई."

दुसऱ्या एकानं सांगितलं की उजनीच्या फुगवट्यासारखाच आहे, फक्त पलीकडचं गाव दिसत नाही. साखरबाई दोन्ही उत्तरं जुळवून बघत. जुळत नसत.

त्यांची पाळी दरवर्षी लागे. एका साली व्याही आले, त्यांना नाही कसं म्हणणार. एका साली सोसायटीच्या चेअरमनचे साडू आले. किल्ली प्रत्येक वेळी साखरबाईंनीच काढून दिली, कारण घरच्या माणसाला काय, कधीही जाता येतं.

मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी उतरलं. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं की डावा गेला, उजवाही फार दिवस साथ देणार नाही. २००४ च्या फेब्रुवारीत साखरबाईंनी किल्ली कंबरेला खोचली, भाकरी बांधून घेतल्या आणि कुणाला न सांगता चौफुल्यावर एस.टी. धरली. विचारत विचारत वेळशेतला पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात दिवा होता.

"कोण पाहिजे, आजी?" शिरूरहून आलेले एक गृहस्थ बाहेर आले.

"हे साखराईचं घर न्हवं?"

"हो, पण आम्ही भाडं भरून आलोय. राहूच्या मारुतरावांकडे. पावती देत नाहीत, पण माणूस चांगला आहे. तुम्ही इथल्या झाडलोटीच्या का?"

मारुतराव म्हणजे साखरबाईंचे चुलतदीर. विटेच्या जेवणानंतर त्यांनी दौंडला जाऊन किल्लीची जोडकिल्ली करून घेतली होती आणि एक पाहुणा गेला की दुसरा येईपर्यंतचे दिवस ते भाड्यानं देत होते. भाडं येत नव्हतं असं नाही. एक घर सोडून येत होतं.

साखरबाईंनी आत पाहिलं. अंथरुणं पडली होती, एक पोर झोपलं होतं. निजलेल्या पाहुण्याला उठवायची त्यांच्या घरात चाल नव्हती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "झाडलोट बी करते, भाकरी बी टाकते. मला वसरीवर पडू द्या म्हंजी झालं."

खिडकीला सुतळी बांधायची हे त्यांनीच पाहुण्यांना दाखवलं. बंबही पेटवून दिला. चार दिवस त्या ओसरीवर बसून उजव्या डोळ्यानं समुद्र बघत होत्या. कसा होता हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

पुढे पोपटनं ते घर मारुतरावांनाच विकलं, घरच्या भावात. हल्ली तो महाबळेश्वरकडच्या जाहिराती वाचतो. मारुतरावांनी वर मजला चढवला, खाली ए.सी. बसवला आणि ते गावच्या सोसायटीवर चेअरमन झाले. त्यांना धंद्याची नजर आहे, असं सहाशेच्या सहाशे लोक म्हणतात. सोजराबाई समुद्राचं नाव निघालं की अजून उसावर येते. साखरबाईंचा उजवा डोळा पुढच्याच दिवाळीत गेला, आणि २००९ साली त्याही गेल्या.

शिरूरचं कुटुंब मात्र सुखरूप आहे. शिकलेली, वाचनाची आवड असलेली माणसं. निघताना त्यांनी उरलेला अर्धा पुडा फरसाण म्हातारीच्या ओंजळीत घातलं, मुलांना तिच्या शेजारी उभं करून फोटो काढला, आणि कोकणातली माणसं अजून किती साधी आहेत, हे परतल्यावर दहा घरी सांगितलं. तो फोटो तुमच्या अल्बममध्ये असेल. बघा, खाली तुमच्याच अक्षरात 'कोकणातल्या आजी' असं लिहिलेलं आहे.