टेकाळे सरांच्या रिंगा

टेकाळे सर चहा मागवायचे तो असा : "दोन. एक बिन." म्हणजे दोन कप, त्यातला एक बिनसाखरेचा. घोटावड्याजवळच्या आमच्या कॉलेजात मी शिकवायला नवा होतो तेव्हा वाटायचं, हा माणूस आपल्यावर रागावलाय. पुढे कळलं, ते कुणावरच रागावत नाहीत, फक्त शब्द वाया घालवत नाहीत. "गाळलं तरी समजतं ते बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेवढं एकच ते पूर्ण बोलत.

कॉम्प्युटरच्या मुलांना ते डेटा लहान कसा करायचा, लपवायचा कसा आणि त्यात कुणी ढवळाढवळ केली तर ओळखायची कशी, हे शिकवत. कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, हॅशिंग. आम्ही आमचे विषय फळ्यावर ठेवून घरी जायचो, सर बरोबर घेऊन जायचे. जेवणाचा डबा उघडण्याआधी ते तळहातावर तोलून बघत आणि "हॅश जुळला" म्हणत. म्हणजे डब्याला कुणी हात लावलेला नाही. एकदा मी त्यातल्या दोन पोळ्या काढून एक लहानसं केळं ठेवलं. हॅश जुळला. डबा उघडल्यावर सर बराच वेळ केळ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तासभर 'कोलिजन', म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींचा हॅश एकच येणं, शिकवलं, आणि माझ्याशी आठवडाभर "दोन. एक बिन." एवढंही बोलले नाहीत.

सर एकटे. लग्न केलं नाही. परभणीकडच्या गावात म्हातारी आई होती, तीही एकटीच. गाय सोडून येत नाही म्हणायची. तिच्या घरी फोन होता, सरांकडे मोबाइल. पण बोलणं नाही. त्यांनी आईला रिंगांची भाषा लिहून दिली होती. एक रिंग देऊन फोन ठेवला तर सगळं ठीक. दोन म्हणजे पाहुणे आलेत, तीन म्हणजे औषध संपलं, चार म्हणजे येऊन जा, आणि पाच म्हणजे तब्येत बिघडली.

"अहो, आजारी बाईला पाच रिंगा मोजत बसवणार?" मी विचारलं.

"संभाव्यता कमी. कोड लांब," सर म्हणाले. रोजच्या निरोपाला छोटा कोड, क्वचितच्या निरोपाला मोठा. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं.

दोन हजार चार-पाचच्या त्या दिवसांत आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त स्टाफरूमच्या खिडकीत यायची. त्यामुळे सरांचा फोन कायम खिडकीत आणि सकाळी दहाला सर त्याच्यापाशी उभे. आईची एक रिंग वाजून थांबली की त्यांचे खांदे खाली यायचे. त्याआधी त्यांना काही विचारण्यात अर्थ नसायचा. आईचा जीव तिकडे आणि यांचा या एका रिंगेत, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

कोड गुप्त होता, असं सरांना वाटायचं. आमचे शिपाई देवकरमामा यांनी तो केव्हाच फोडला होता. "तीन वाजल्या की सर औषधाच्या दुकानाकडं पळत्यात आन् मंग कुरियरवाल्याकडं. त्यात काय लई अवघड हाय?" मामा मला म्हणाले. एन्क्रिप्शन शिकवणाऱ्या माणसाला हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

त्या दिवशी दहाला फोन वाजला. एक. दोन. सर खिडकीपाशी. तीन, चार, पाच. त्यांनी भिंतीला हात टेकला. सहा, सात. फोन वाजतच राहिला आणि थकून बंद पडला. मिनिटाभरात पुन्हा सुरू. सरांनी बॅगेतून कोडची वही काढली. शेवटच्या पानापर्यंत उलटली.

"पाचाच्या पुढे कोड नाही," ते म्हणाले. "सहा म्हणजे काय? मी सहा दिलाच नाही. मी निघतो. परभणीची गाडी किती वाजता असते?"

हातात वही, समोर वाजणारा फोन, आणि हा शहाणा माणूस एस.टी.चं वेळापत्रक विचारतोय. खोटं कशाला बोलू, मीही घड्याळाकडेच बघितलं.

"आवो, उचला की त्यो," म्हणत मामांनीच फोन उचलला. "हालो. व्हय, हायेत. हितंच हायेत." आणि सरांच्या हातात दिला.

म्हातारी मोठ्यानं बोलायची. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"काही झालं नाही रे लेकरा. बोलू वाटलं. बोलू वाटलं तर किती वाजवायच्या ते तू लिहूनच दिलं नव्हतंस. म्हणलं, उचलशील तवर वाजू दे."

सर फोन कानाला धरून खिडकीच्या कट्ट्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. खिडकीच्या कट्ट्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी, आणि त्या बाईसाठी तर जास्तच. एवढ्या वर्षांत तिनं रोज नेमानं सगळं ठीक असल्याचं कळवलं होतं.

तासाची घंटा झाली. त्यांच्या वर्गावर मी गेलो आणि मला जेमतेम येणारा विषय रेटून शिकवला. परत आलो तेव्हा मामा दारात स्टूल टाकून बसले होते, कुणाला आत सोडत नव्हते. आत सर अजून फोनवर होते.

"...नाही, पाऊस गेला. इकडं भात कापायला आलाय. पिवळा, हो. वास येतो सकाळी. मी? पोहे खाल्ले. कांदा होता, पण शेंगदाणे नव्हते... नाही गं आई, काम काही नाही. असंच बोलतोय."