गोधडीतली पंगत

तानीमावशीशी मी एका जुन्या शर्टाबद्दल खोटं बोललो. शर्ट माझ्या धाकट्या भावाचा, दिलीपचा. "तुमचं दोगांचं बरं हाय न्हवं?" असं तिनं सरळ विचारलं आणि मी तितक्याच सरळपणे हो म्हणालो. शर्टाबद्दल बोलताना भावांचं कसं चाललंय हा प्रश्न कुठून आला, हे समजायला आधी तानीमावशी समजायला हवी.

ती आमच्या शेजारी राहते, टाकव्यात. नात्यानं कुणाचीच मावशी नाही, म्हणून सगळ्या गावाची आहे. भातकापणी उरकून माणसं सकाळची अंगणात ऊन खायला बसू लागली की तिच्या ओट्यावर गोधड्या सुरू होतात. जुने कपडे घेऊन जावं तर आधी चौकशी होते. हे कुणाचं? स्वभावाला कसा हाय? रुसतो का? कुणाशी पटत न्हाई? मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा इतकं खोदून विचारत नाहीत. मावशीच्या मते गोधडी ही पंगत असते. न पटणाऱ्या माणसांचे तुकडे शेजारी आले तर गोधडी नेमकी तिथंच उसवते, दोरा कितीही पक्का घ्या.

"टाका काय, कुणीबी घालंल," ती म्हणते. "माणसं बशिवणं हेच खरं काम."

आणि ती बसवते. जावयाचा शर्ट वरच्या बाजूला, मधोमध. दारू पिणाऱ्या एका काकांची पँट पायाकडं, थंडीभर लाथा खाव्यात म्हणून. ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले दोघं सोयरिकीमुळं एकाच गोधडीत आले, तेव्हा तिनं मध्ये एका हवालदार भाच्याची खाकी लावली. पलीकडच्या आळीतल्या सासू-सुनेची लुगडी तिनं दोन टोकांना टाकली आणि मध्ये नातीचा फ्रॉक. आपल्याला पायाकडं का, म्हणून सासू भांडायला आली. मावशी म्हणाली, तितनं सून दिसत न्हाई, तुमच्याच सोयीचं बघितलं. सासू विचार करत परत गेली.

एकदा धरणाकडच्या बंगल्यातल्या पुण्याच्या बाई गोधडीसाठी कोरं, महागातलं कापड घेऊन आल्या. मावशीनं ते हातानं चाचपलं आणि परत दिलं. ह्यात कुणीच न्हाई, म्हणाली. पुढच्या आठवड्यात बाईंनी मिस्टरांचे वापरलेले झब्बे-पायजमे धाडले. मावशी खूश झाली. मिस्टर घोरतात का, एवढंच तिनं विचारून घेतलं.

आमच्या मुलीला, सायलीला, नाशिकला नोकरी लागली. डिसेंबरात ती जाणार होती. तिथली थंडी कडक, म्हणून तिला गोधडी हवी होती आणि तीत घरातलं प्रत्येक माणूस हवं होतं. तिच्या आजीचं लुगडं, तिच्या आईची साडी, माझा सदरा, आणि दिलीपकाकाचा चौकड्यांचा शर्ट. दिलीप वलवणला असतो. लावणीला यायचा तेव्हा चिखलात घालायचा तो शर्ट, आमच्याकडेच राहिलेला. आई गेल्यापासून तो लावणीला आला नाही. आम्ही बोलत नाही, असं मी मावशीला सांगू शकलो असतो. पण मग तिनं कारण विचारलं असतं.

मावशीनं आम्हा दोघा भावांना अगदी खेटून बसवलं, आमच्या आईच्या लुगड्याच्या खाली.

आमच्या घरातल्या कुठल्याही खोट्याचं आयुष्य दुपारच्या चहापलीकडे जात नाही. बायको मावशीला चहा द्यायला गेली आणि दिलीपभाऊजी आता बोलतही नाहीत म्हणून हळहळत बसली. मी संध्याकाळी गेलो, तर गोधडी जवळजवळ पुरी झालेली आणि मावशी ती उसवत होती. तिला आताशा सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, कुणाला तरी हाक मारावी लागते. तरी एकेक टाका शोधून काढत होती.

मी म्हणालो, राहू दे, त्याला लांब बसव. तिनं मान वर केली नाही.

"का बोलत न्हाई त्यो?"

मग मी सांगितलं. आई शेवटची आजारी होती तेव्हा दिलीप रोज फोन करायचा आणि मी रोज म्हणायचो, साधा ताप आहे, तू कामं टाकून येऊ नको. त्याला काळजी नको म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आईचं सगळं मीच केलं, असं मला म्हणता यायला हवं होतं. तो आला तेव्हा आम्ही तिला उचललं होतं.

मावशी चिडेल असं वाटलं. ती उठून आत गेली आणि स्वतःची गोधडी घेऊन आली. इतक्या वर्षांत ती मी पाहिली नव्हती. सगळे तुकडे तिच्याच लुगड्यांचे, विटलेले. फक्त डोक्याकडं एक हिरवा तुकडा, भोवतीनं नव्या दोऱ्याचे टाके.

"माजी भन, बेडश्याची. आमचं वाकडं आलतं. ती व्हती तवर तिला पायाकडं बशिवली. गेल्यावर उसवून हितं घेतली." तिनं तो तुकडा हातानं सारखा केला. "आता रातभर शेजारी असती. बोलत न्हाई."

मग लगेच आवाज बदलून म्हणाली की पोरगी जायच्या आत शर्टाचं काय ते सांग, तोवर मी सुई धरणार नाही.

रविवारी मी वलवणला गेलो. दिलीप दारात पाण्याचा पाइप जोडत होता. "ये दादा," म्हणाला, पॉलिसी विकायला आलेल्या माणसाला म्हणावं तसं. त्याची बायको आत चहा ठेवायला गेली. बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. तो पाइपचं टोक पुसत राहिला आणि मी उभ्यानंच बोललो.

"दिलीप, तू रोज विचारत होतास आणि मी ताप म्हणत होतो. ताप नाही हे मला माहीत होतं. मी तुला आईला भेटू दिलं नाही. माझं चुकलं."